उष्णोदक, शिसे आणि नोंदवही : बाथ येथील खनिजजल रुग्णालयाचा इतिहास

प्रस्तावना

सांधे, कणा आणि स्नायू यांच्या दुखण्यांवर गरम झऱ्याच्या पाण्यात स्नान करणे हा अतिप्राचीन उपचारांपैकी एक होय. या उपचाराविषयी दोन परस्परविरोधी मते प्रचलित आहेत. एका मताने तो श्रद्धा, करमणूक आणि व्यापार यांचे मिश्रण आहे. दुसऱ्या मताने तो शतकानुशतकांच्या अनुभवाने सिद्ध झालेला आहे. दोन्ही पक्ष ‘अनुभव’ हा शब्द सढळपणे वापरतात; मात्र तो किती रुग्णांचा, कोणी पाहिलेला आणि कोठे लिहून ठेवलेला, याची विचारणा क्वचितच होते. ही विचारणा ज्या एका ठिकाणी खऱ्या अर्थाने करता येते ते म्हणजे इंग्लंडमधील बाथ हे गाव. तेथे १७४२ साली केवळ खनिजजलाच्या उपचारासाठी एक धर्मार्थ रुग्णालय उघडले आणि दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाचा परिणाम नोंदवहीत लिहिण्याची पद्धत तेथे रूढ झाली. या नोंदींनी दीर्घकाळ बाथच्या पाण्याची कीर्ती वाढवली, आणि पुढे त्याच नोंदींनी त्या कीर्तीचे खरे कारण वेगळेच असल्याचे दाखवून दिले. प्रस्तुत लेखात या दुहेरी प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

झरे आणि त्यांचे हक्कदार

बाथमध्ये तीन उष्ण झरे असून त्यांच्या पाण्याचे तापमान सुमारे ४५ अंश सेल्सिअस असते. दररोज दहा लाख लिटरहून अधिक पाणी तेथे वर येते. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेले पावसाचे पाणी खोल चुनखडीत मुरून, तापून पुन्हा वर येते, असे भूशास्त्रज्ञ मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून रोमनांनी येथे सुलिस-मिनर्व्हा या देवतेचे मंदिर आणि स्नानगृहे उभारली. त्यांच्या मोठ्या हौदाचा तळ शिशाच्या जाड पत्र्यांनी मढवलेला आहे. पुढील कथेत शिशाला जे स्थान आहे ते पाहता हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

मध्ययुगात ही कुंडे धर्मसंस्थेच्या ताब्यात होती. सोळाव्या शतकात विल्यम टर्नर आणि जॉन जोन्स या वैद्यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. तथापि पाणी निसर्गाचे असले तरी त्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क सर्वांना सारखा नव्हता. १५७२ च्या दरिद्री-कायद्यात बाथ आणि बक्स्टन या दोन ठिकाणांचा खास उल्लेख आहे : रोगी गरिबाने तेथे जायचे तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना आणि स्वतःच्या पॅरिशकडून निर्वाहाची तरतूद आवश्यक ठरवण्यात आली. लंगडत, कुबड्यांवर येणारा मनुष्य खरा रोगी की भटका भिकारी, ही शंका या कायद्याच्या मुळाशी होती.

राणी ॲनच्या १७०२ व १७०३ मधील भेटींनंतर बाथ हे उच्चभ्रूंच्या विहाराचे ठिकाण बनले. ब्यू नॅश याच्या देखरेखीखाली नृत्यसभा, जुगार आणि सकाळचे जलप्राशन यांचा दिनक्रम ठरला. जितके श्रीमंत वाढले तितके भिकारीही वाढले. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणून बाहेरगावच्या गरीब रोग्यांसाठी रुग्णालय काढण्याची कल्पना १७१६ मध्ये पुढे आली. वर्गणी जमण्यास वीस वर्षांहून अधिक काळ गेला. ब्यू नॅशने निधी गोळा केला, राल्फ ॲलनने आपल्या खाणीतील दगड दिला आणि जॉन वुड या वास्तुविशारदाने आराखडे विनामूल्य केले. जुन्या नाट्यगृहाच्या जागेवर १७३८ मध्ये कोनशिला बसली, १७३९ मध्ये संसदेने कायदा केला आणि मे १७४२ मध्ये रुग्णालय सुरू झाले.

प्रवेशाची अट आणि पितळी बिल्ला

रुग्णालयाचे नियम पाहता १५७२ च्या कायद्यातील संशय तेथेही सुटलेला दिसत नाही. रुग्णाच्या गावच्या वैद्याने आजाराचे लेखी वर्णन पाठवायचे. ते वाचून बाथचे वैद्य रोग पाण्याने बरा होण्याजोगा आहे की नाही हे ठरवणार. जागा रिकामी झाल्यावरच रुग्णाने निघायचे. येताना त्याने अनामत रक्कम आणायची. ती परतीच्या प्रवासासाठी असे, आणि रुग्ण दगावल्यास दफनासाठी. दाखल झालेल्यास पितळी बिल्ला लावावा लागे, जेणेकरून तो मद्यगृहात शिरला तर ओळखू यावा. बाथच्या रहिवाशांना आरंभीचा दीर्घकाळ प्रवेश नव्हता, कारण घरी राहूनच त्यांना कुंडांचा लाभ घेता येतो, असे मानले गेले.

आजच्या वाचकास हे नियम अपमानास्पद वाटतील, आणि ते तसे होतेही. परंतु त्यांचा एक अनपेक्षित परिणाम झाला. प्रवेशापूर्वीचे लेखी निदान, रुग्णालयात ठरावीक शिस्तीत घालवलेले आठवडे वा महिने आणि निरोप देताना नोंदवलेला परिणाम अशी साखळी तयार झाली. पैसे देऊन खासगी निवासात राहणारा श्रीमंत रुग्ण कधी येई, कधी कंटाळून जाई, एकाच वेळी तीन वैद्यांचा सल्ला घेई. त्याच्याविषयी असे काही सांगणे अशक्य होते. गरीब रुग्णाला मात्र मोजता येत होते. निरोपाच्या वेळी ‘बरा’, ‘पुष्कळ सुधारला’, ‘सुधारला’, ‘फरक नाही’, ‘अयोग्य’, ‘मृत’ अशा सदरांत त्याची नोंद होई.

या वर्गवारीवर भाबडा विश्वास ठेवता येणार नाही. परिणाम ठरवणारे वैद्य तेच होते ज्यांचा खासगी व्यवसाय बाथच्या पाण्याच्या कीर्तीवर चालत होता. असाध्य वाटणारे रोगी पत्रावरूनच नाकारले जात आणि तरीही आलेले ‘अयोग्य’ म्हणून वजा होत. वर्गणीदारांना वार्षिक यश दाखवणे भाग होते. गरिबाचा सुटलेला सांधा श्रीमंत पाहुण्यासाठी जाहिरात ठरत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. विल्यम होअर या चित्रकाराने १७६१ मध्ये काढलेल्या आणि रुग्णालयाच्या मालकीच्या प्रसिद्ध चित्रात डॉ. विल्यम ऑलिव्हर आणि शल्यवैद्य जेरेमाया पीअर्स हे पक्षाघात, संधिवात आणि त्वचारोग यांच्या रुग्णांची तपासणी करताना दिसतात. चित्रातील वैद्यांची नावे इतिहासाला माहीत आहेत. रुग्ण ओळखले जातात ते त्यांच्या रोगांवरून.

पाण्यात काय आहे?

अठराव्या शतकात बाथच्या पाण्याचा गुण त्यातील द्रव्यांमुळे आहे असे गृहीत धरले जाई. गंधक हे त्यांतील सर्वांत लाडके. गरम झऱ्यात गंधक असते म्हणून दुखरे सांधे मोकळे होतात, ही समजूत कोकणातील उन्हाळ्यांवर स्नानास जाणाऱ्यांमध्येही आढळते, त्यामुळे मराठी वाचकास ती अपरिचित नाही. १७५६ मध्ये चार्ल्स ल्यूकस या आयरिश वैद्याने बाथच्या पाण्यात गंधक नसल्याचे रासायनिक परीक्षेच्या आधारे प्रतिपादन केले. बाथच्या प्रस्थापित वैद्यांनी ल्यूकस आणि त्याचा सहकारी विल्यम बेलीज यांच्यासोबत रुग्ण तपासण्यासही नकार दिला. हा वाद छापील पुस्तिकांतून बराच गाजला.

त्याआधी, १७५२ मध्ये, वैद्यकाची पदवी असलेला कादंबरीकार टोबायस स्मॉलेट याने अधिक मूलगामी आक्षेप घेतला होता. बाह्य स्नानासाठी साधे पाणीही खनिजजलाइतकेच गुणकारी आहे, असे त्याचे म्हणणे होते. सार्वजनिक कुंडांतील अस्वच्छतेवरही त्याने कोरडे ओढले. स्मॉलेटचा युक्तिवाद त्याच्या काळात वैयक्तिक वैरातून आलेला मानला गेला, आणि त्यात वैर होतेच. तरीही पुढील दोन शतकांच्या संशोधनाची दिशा त्याने अजाणता दाखवली होती.

लुळ्या मनगटांचे कोडे

बाथच्या नोंदवहीत एक गोष्ट ठळकपणे दिसते. पक्षाघाताच्या रुग्णांपैकी एका विशिष्ट गटाला पाण्याचा लाभ फार मोठ्या प्रमाणात होत असे. या रुग्णांना आधी पोटात तीव्र शूळ उठे, बद्धकोष्ठ होई आणि मग हातांतील शक्ती जाई. मनगट वर उचलता येत नसे. पंजा खाली लोंबत राही. रुग्णालयातील वैद्य राइस चार्ल्टन याने अशा रुग्णांची कारणानुसार विभागणी केली, आणि त्यात सफरचंदाच्या मद्यामुळे म्हणजे सायडरमुळे उद्भवलेल्या शूळानंतरचा लुळेपणा वेगळा काढला. रंगारी, नळकाम करणारे, काचा बसवणारे अशा कारागिरांचाही या गटात भरणा होता. मेंदूतील आघातामुळे अर्धांग गेलेल्यांपेक्षा या मंडळींना पुष्कळच अधिक गुण येतो, हे नोंदींवरून स्पष्ट झाले.

कारण मात्र दुसरीकडून उलगडले. डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांमध्ये हा शूळ साथीप्रमाणे पसरे. जॉन हक्सम याने १७३९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि सायडरच्या आंबटपणास दोष दिला. मूळचा डेव्हनचाच असलेला जॉर्ज बेकर याने १७६७ मध्ये वेगळा मार्ग धरला. हिअरफर्डशायरमध्येही लोक भरपूर सायडर पितात, मग तेथे हा रोग का नाही, असे त्याने विचारले. डेव्हनमध्ये सफरचंदे चिरडण्याच्या दगडी यंत्रांचे सांधे शिशाने भरत, क्वचित पात्रांनाही शिसे मढवत. हिअरफर्डशायरमध्ये तसे करीत नसत. बेकरने डेव्हनच्या सायडरची रासायनिक परीक्षा करून त्यात शिसे असल्याचे दाखवले. सायडर हा डेव्हनचा जीवनव्यवसाय असल्याने तेथे त्याच्याविरुद्ध मोठा रोष उसळला. तथापि कालांतराने यंत्रांतून शिसे हद्दपार झाले आणि शूळही ओसरला.

त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये होता. तेथील ला शारिते रुग्णालय या शूळावरील उपचारासाठी प्रसिद्ध होते. त्याने तेथील रुग्णांची यादी व्यवसायांसह वाचली तेव्हा जवळपास सर्व जण शिशाशी संबंध असलेल्या धंद्यांतील निघाले. अपवाद दोनच : पाथरवट आणि सैनिक. चौकशीअंती कळले की पाथरवट लोखंडी कठड्यांची टोके दगडात बसवताना वितळलेले शिसे ओततात, आणि सैनिकांना रंगाऱ्यांनी रंग घोटण्यासाठी मजुरीवर घेतले होते. रुग्णाचा व्यवसाय लिहून ठेवण्यासारखी साधी गोष्ट निदानाला कशी बळ देते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

आज या लुळेपणाची यंत्रणा ज्ञात आहे. शिसे हातापायांच्या चेतातंतूंना, विशेषतः मनगट व बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंच्या चेतांना इजा करते. शिशाचा शरीरात येणारा ओघ थांबला आणि साठलेले शिसे बाहेर पडले तर ही इजा पुष्कळदा भरून येते. शिसे मूत्रपिंडावरही परिणाम करून युरिक आम्लाचे उत्सर्जन कमी करते आणि त्यातून वातरक्त जडते. आल्फ्रेड गॅरड याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात, त्याच्या रुग्णालयात येणाऱ्या वातरक्ताच्या रुग्णांत सुमारे चौथा हिस्सा शिशाची बाधा झालेल्यांचा असल्याचे नोंदवले होते. अठराव्या शतकातील अनेक मद्यांतही शिसे असे. तेव्हा पायाचा अंगठा सुजून बाथला येणारा जमीनदार आणि मनगट लोंबकळत येणारा रंगारी यांची व्याधी काही वेळा एकाच धातूची असावी, हा तर्क सयुक्तिक ठरतो.

नोंदवही पुन्हा उघडली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑड्री हेवूड यांनी बाथच्या जुन्या नोंदींचा अभ्यास केला. १७६० ते १८७९ या काळात शिशामुळे आलेल्या पक्षाघाताचे तीन हजारांहून अधिक रुग्ण तेथे दाखल झाले होते. त्यांपैकी जवळपास निम्मे ‘बरे’ आणि एकूण दहांपैकी नऊंहून अधिक किमान काही प्रमाणात सुधारलेले नोंदवले गेले. वैद्यांचा पक्षपात गृहीत धरूनही हे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

याचे सहज सुचणारे स्पष्टीकरण असे की रुग्ण शिशापासून कित्येक महिने दूर राहिला, चांगले खाल्ले आणि विश्रांती घेतली, म्हणून तो सुधारला. हे खरेच आहे. पण पुरेसे आहे काय? १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना ३५ अंश तापमानाच्या बाथच्या पाण्यात दोन तास मानेपर्यंत बसवले. त्यांचे मूत्र आणि त्यातून जाणारे सोडियम वाढले, रक्त काहीसे विरळ झाले आणि हृदयाकडून होणारा रक्तपुरवठा लक्षणीय वाढला. यामागील तत्त्व सोपे आहे. उभ्या वा बसलेल्या शरीरावर पाण्याचा दाब खालून वर कमी होत जातो. त्यामुळे पायांतील व पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते. शरीरात द्रव जास्त झाल्याचा संदेश मिळून मूत्रपिंडे तो बाहेर टाकू लागतात. १९८६ मध्ये हेवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिशाशी संबंध येणाऱ्या कामगारांवर असाच प्रयोग केला तेव्हा निमज्जनामुळे मूत्रावाटे जाणाऱ्या शिशाचे प्रमाण वाढल्याचे आढळले.

म्हणजे बाथचे पाणी गुणकारी होते, आणि स्मॉलेटही चुकला नव्हता. दाबाचा हा परिणाम होण्यासाठी पाण्यात गंधक, लोह वा अन्य कशाची गरज नाही. ते पाणी असावे, पुरेसे खोल असावे आणि त्यात तासन् तास बसवेल इतके कोमट असावे, एवढे पुरते. उष्ण झऱ्याने पुरवलेली खरी सोय ही होती की इंधनाचा खर्च न करता तसे पाणी वर्षभर उपलब्ध होते. ज्या काळात बादलीभर पाणी तापवणेही गरिबाच्या ऐपतीबाहेर होते, त्या काळात ही सोय लहान नव्हती.

एक बाब नोंदवहीत नाही. बरा झालेला रंगारी परत गेला तो बहुधा पुन्हा रंगाच्या डब्याकडेच. त्याचे मनगट पुन्हा किती वर्षांनी लोंबू लागले, हे विचारण्याची सदरे त्या नोंदवहीत आखलेली नव्हती.

पाण्याकडून व्यायामाकडे

एकोणिसाव्या शतकात चार्ल्टनच्या गटातील रुग्ण घटत गेले आणि बाथची ओळख संधिवाताशी अधिक जोडली गेली. विल्यम फाल्कनर याने १७९५ मध्ये संधिवाताच्या आणि १८०५ मध्ये नितंबसांध्याच्या रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले होते. शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील एक्स-ले-बँ येथील धारा-मर्दनाची पद्धत बाथमध्ये आली. १८९४ मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्मींची संस्था स्थापली. पुढे तीच ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची सनदी संस्था बनली. विसाव्या शतकाच्या आरंभी बाथच्या झऱ्यात रेडियमचा अंश सापडताच, गंधकाच्या जागी आता किरणोत्सर्गाची महती गाइली जाऊ लागली. १९३० च्या दशकात रुग्णालयाच्या नावात ‘संधिवाती रोगांचे राष्ट्रीय रुग्णालय’ असा बदल झाला. एप्रिल १९४२ च्या जर्मन बाँबहल्ल्यात इमारतीचा काही भाग उद्ध्वस्त झाला, आणि १९४८ मध्ये रुग्णालय राष्ट्रीय आरोग्यसेवेत सामील झाले.

या टप्प्यावर कण्याच्या एका रोगाने बाथला नवे महत्त्व दिले. तरुण वयात कंबर आखडण्यापासून सुरू होऊन हळूहळू मणके एकमेकांस जोडणारा हा दाहक रोग (अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्ष-किरणांच्या माऱ्याने हाताळला जाई. वेदना कमी होत असे. परंतु १९५७ मध्ये कोर्ट-ब्राउन आणि डॉल यांनी असे उपचार घेतलेल्या तेरा हजारांहून अधिक ब्रिटिश रुग्णांचा मागोवा घेऊन रक्ताच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण दाखवले. तो मार्ग बंद होत गेला आणि रोजचा व्यायाम व कोमट पाण्यातील हालचाली यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. पाण्याच्या प्लावक बलामुळे शरीराचा भार हलका होतो, उष्णतेने स्नायूंचा ताठरपणा उतरतो आणि जमिनीवर न जमणारी हालचाल पाण्यात जमते. हा लाभही कोणत्याही कोमट पाण्यात मिळतो.

बाथमध्ये अशा रुग्णांसाठी निवासी व्यायामवर्ग चालवले गेले, आणि जुनी सवय पुन्हा जागी झाली : मोजण्याची. १९९४ मध्ये आंद्रेई कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या मापनाचे तीन निर्देशांक प्रसिद्ध केले. एक रोगाची तीव्रता, दुसरा दैनंदिन कार्यक्षमता आणि तिसरा कण्याची व नितंबसांध्याची हालचाल मोजतो. पहिल्यात सहा प्रश्न आहेत : थकवा, कण्याची वेदना, अन्य सांध्यांची वेदना वा सूज, स्पर्शाने दुखणाऱ्या जागा, सकाळच्या ताठरपणाची तीव्रता आणि त्याचा कालावधी. उत्तर रुग्णाने स्वतः द्यायचे असते. अठराव्या शतकातील नोंदवहीत ‘सुधारला’ असे वैद्य लिहीत असे. १९९४ च्या प्रश्नावलीत ते रुग्ण सांगतो. हा फरक आकड्यांच्या अचूकतेपेक्षा अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. या निर्देशांकांच्या नावात बाथचे नाव कायम असून, महागडी जैविक औषधे कोणास द्यावीत हे ठरवताना ते जगभर, भारतातही, वापरले जातात.

झऱ्याचे पाणी मात्र तोवर रुग्णालयापासून तुटले होते. १९७६ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेने बाथच्या खनिजजल-उपचाराचा खर्च देणे थांबवले. १९७८ मध्ये तेथील सार्वजनिक तलावात पोहलेल्या एका मुलीचा पाण्यातील अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराने मृत्यू झाला आणि स्नानगृहे बंद करण्यात आली. शुद्ध पाण्यासाठी नवी कूपनलिका खोदावी लागली. २००६ मध्ये झऱ्याच्या पाण्यावरील नवे स्नानगृह उघडले ते पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांच्या आरामासाठी. रुग्णालय २०१५ मध्ये शहरातील मोठ्या रुग्णालयात विलीन झाले आणि २०१९ मध्ये जॉन वुडच्या इमारतीतून बाहेर पडून शहराच्या कडेला, झऱ्यांपासून दूर, कूम पार्क येथे गेले.